चाकावरचा संसार : नांदगाव पेठ ते ओझर

शेतकऱ्याच्या घरची नवरा-बायको दोघे मिळून आठ दिवस गावाला गेली, असे तुम्ही किती वेळा पाहिले आहे? लग्न असले तर एक जण आदल्या दिवशी जातो, दुसरा लग्नघटकेला पोचतो आणि पंगत उठली की परत फिरतो. मयत असली तर एक जण मातीला जातो, दुसरा तेरवीला. कारण गोठ्यात जनावर बांधलेले असते, शेतात पीक उभे असते, आणि घराला कुलूप लावण्याची आपल्याला सवय नसते.

आमच्या घरी अठ्ठावीस वर्षे हेच चालले. मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. दिवसभर गावोगाव फिरून लोकांना शेतीचे सांगायचे काम माझे, आणि घरची सहा एकर प्रत्यक्ष करायचे काम सौभाग्यवतींचे. दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे अमरावतीचा दवाखाना आणि बाजार. म्हणून गेल्या माघात आम्ही दोघे जुन्या व्हॅनमध्ये अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी घालून नांदगाव पेठेहून थेट नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला, मोठ्या मेव्हणीच्या घरी गेलो, तेव्हा गावात त्याची चर्चा झाली. ती हकीकत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

जाण्याचे कारण

आमच्या घरच्यांचे माहेर दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. थोरली बहीण १९८६ साली लग्न होऊन ओझरला गेली. जावई मूळचे वऱ्हाडातलेच, पण ओझरच्या विमान कारखान्यात कामाला लागलेले. त्या वेळी आमच्या घरच्या दहा वर्षांच्या होत्या. दर्यापूरच्या स्टेशनवर शकुंतला गाडीत बसलेली बहीण आणि गाडीबरोबर धावणारी आपण, एवढे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे पक्के आहे.

मोठी ताई दरवर्षी दिवाळीत बोलावायची, "दोघंबी येऊन जा." आणि आम्ही दरवर्षी म्हणायचो, यंदा कापूस वेचून झाला की येऊ. तीन वर्षांपूर्वी जावई गेले. ऐन वेचणीचे दिवस होते. घरच्या एकट्याच रेल्वेने तेरवीला पोचल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. मी गेलोच नाही. त्यानंतर ताईचे बोलावणे बंद झाले. फोन यायचा, पण दोन वाक्यांचा. "सारे बरे आहेत, तुमी बरे असा." आमच्या घरच्यांनी मनाला लावून घेतले. मी गेलो नाही याचाच राग असणार, असे मलाही वाटू लागले.

यंदा संक्रांतीनंतर एका रात्री त्या म्हणाल्या, "तिनं बलावलं नाही म्हून आपूनबी जायाचं नाही काय?" मी म्हटले, जाऊ. त्या म्हणाल्या, "पण तिचं घर दोन खोल्याचं. पोरगा, सून, दोन लेकरं. आपून दोघं गेलो तं तिले ओझं व्हईन." तेव्हा माझ्या डोक्यात व्हॅनची कल्पना आली. बहिणीच्या दारात राहायचे, पण तिच्या खोलीत निजायचे नाही. आपले घर आपल्याबरोबर न्यायचे.

गाडीची आणि घराची तयारी

परदेशात मोटारीतच न्हाणीघर, स्वयंपाकघर असलेल्या गाड्या घेऊन लोक महिनोन् महिने फिरतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण आपल्या वऱ्हाडाला ही गोष्ट नवी नाही. बहिरमच्या जत्रेला जुनी माणसे बंडी जुंपून जात. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होणारी ती जत्रा जानेवारी संपेपर्यंत चाले. बंडीवर ज्वारी, डाळ, भांडी, कडबा आणि पोरेबाळे. तेथे पोचले की राहुटी ठोकायची, तीन दगडांची चूल मांडायची, रोडगे भाजायचे. माझी आजी बंडीखाली निजल्याच्या आठवणी सांगत असे. तेव्हा आमची व्हॅन म्हणजे त्या बंडीची नात म्हणायची.

गाडीच्या मूळ बांधणीत मात्र आम्ही काही फेरफार केला नाही. तसा करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये तसे कलमच आहे. मागची बसायची जागा आडवी पाडली, त्यावर सुताराकडून घडीची फळी करून घेतली आणि फळीवर घरच्या कापसाची गादी टाकली. फळीखाली पत्र्याची पेटी, वीस लिटरची पाण्याची कॅन, ताडपत्री आणि दोरी. खिडक्यांना जुन्या लुगड्याचे पडदे. स्वयंपाकाला पाच किलोचे छोटे सिलिंडर. एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला : शेगडी गाडीत पेटवायची नाही, उतरून मोकळ्या जागी पेटवायची. दुसरा नियम, दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही.

गाडीपेक्षा घराची तयारी अवघड. गाय आणि बैलजोडी शेजाऱ्याच्या हवाली केली. करार साधा होता, "दूध तुमचे, वैरण आमची." कोणाला किती कुटार, किती ढेप, हे खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवले. हरभऱ्याला घाटे भरत होते. पाणी देऊन झाले होते, कामगंध सापळे लावलेले होते. अळी दिसली तर काय करायचे ते शेजारच्या पोराला शेतात उभे करून दाखवले. आणि कपाशी? ती आम्ही डिसेंबरअखेर उपटूनच टाकली होती. फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीची साखळी तोडा, असे मी वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो. त्याचा आणखी एक फायदा यंदा कळला, की नवरा-बायकोला माघात मोकळे होता येते.

पहिला दिवस : आपल्याच वऱ्हाडातून

नांदगाव पेठ अमरावतीपासून नागपूरच्या बाजूला बारा-तेरा किलोमीटरवर. एकीकडे औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने, २७० मेगावॅटच्या पाच संचांचे औष्णिक वीज केंद्र. दुसरीकडे तूर, कपाशी, हरभरा. मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी तो सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा म्हणतात. जुना सहा नंबरचा हा रस्ता गुजरातेतल्या हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंत जायचा. त्याच्या काठावर मी जन्मभर राहिलो. पण पश्चिमेला मलकापूरच्या पुढे स्वतः गाडी घेऊन कधी गेलो नव्हतो.

सकाळी सहाला नारळ फोडून निघालो. पेटीत तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ, तीळ, मृग बहराची संत्री, आणि वाटेसाठी दशम्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी. बडनेरा मागे पडले आणि रस्ता असा गुळगुळीत लागला की कॅनमधले पाणी हलेना. बरीच वर्षे रखडलेला हाच रस्ता. जून २०२२ मध्ये लोणी ते मानापर्यंत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस काम करून सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सातशेवर माणसे त्या कामावर होती. जूनच्या सुरुवातीच्या उन्हात उकळत्या डांबराजवळ उभे राहणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

मूर्तिजापूरला घरच्यांनी गाडी थांबवायला सांगितली. शकुंतलेचे रूळ पाहायचे होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी ही अरुंद रुळांची गाडी इंग्रजांच्या काळात खाजगी कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी सुरू केली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. कापसासाठी आलेली गाडी पुढे गरिबाची गाडी झाली. लेकी सासरी नेणारी आणि माहेरी आणणारी. आता काही वर्षांपासून ती बंद आहे. रुळांत गवत वाढलेले पाहून घरच्या काही बोलल्या नाहीत. पाच मिनिटे उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या.

याच तालुक्यातल्या दापुरीला गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी गेले. बाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे गरीब वाटसरूला डोके टेकायला जागा मिळावी म्हणून. घराबाहेर पडलेल्या माणसाची खरी अडचण काय, हे त्या फिरत्या माणसाला बरोबर कळले होते.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या फाटकावरून जाताना जुने दिवस आठवले. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानेच मला माती वाचायला शिकवले. दुपारी बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी, किल्ल्याच्या तटाखाली शिदोरी सोडली. मिर्झाराजे जयसिंगांची छत्रीही येथेच. खामगावचा बाजार ओलांडला. शेगाव जवळच होते, पण घरच्या म्हणाल्या, "शेगाव येतानी, ताईच्या नावानं." नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमंताला गाडीतूनच हात जोडले आणि सूर्य मावळायच्या आत मलकापूर गाठले.

मुक्काम एका पेट्रोल पंपाच्या आवारात, व्यवस्थापकाची रीतसर परवानगी घेऊन. पिठले-भात शिजवला. शेजारी मालमोटारीचे ड्रायव्हर आपापल्या शेगड्या पेटवून बसले होते. त्यांनी कांदा मागितला, आम्ही दिला. त्यांनी लोणचे दिले. रात्रभर गाड्यांचा आवाज चालूच. घरच्यांना झोप आली नाही. मध्येच म्हणाल्या, "ताईनं दारातूनच परत लावलं तं?" मी म्हटले, तर दारातच राहू, घर आहेच आपल्याजवळ. त्या हसल्या, पण जाग्याच राहिल्या.

दुसरा दिवस : केळी आणि नदी

सकाळी मुक्ताईनगरजवळ एक मोठा पूल लागला. "ही कोणती नदी जी?" घरच्यांनी विचारले. "पूर्णा," मी म्हटले. "आपली पूर्णा?" त्या एकदम ताठ बसल्या.

होय, आपलीच. सातपुड्याच्या डोंगरात उगम पावून ती अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहत येते आणि येथून जवळच चांगदेव येथे तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना पसरलेला तो खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल. पण पोटातले पाणी खारे. विहिरीला पाणी लागले तरी त्यावर ओलीत करता येत नाही. केले तर क्षार वर येऊन जमीन चोपण होते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. घरच्यांचे सारे बालपण त्याच पाण्यावर गेले.

"थांबा ना थोडं, खाली उतरून पाहू," त्या म्हणाल्या. मी म्हटले, परतताना पाहू, उशीर होतो आहे. खरे सांगायचे तर उशीर नदीला होत नव्हता, माझ्या केळीला होत होता. भुसावळच्या पुढे एका बागायतदाराकडे मी सकाळी नऊची वेळ ठरवली होती.

बाग मात्र पाहण्यासारखी होती. ऊतिसंवर्धित रोपे, ठिबक सिंचन, विद्राव्य खते पाण्यातूनच. घड निसवल्यावर केळफूल मोडायचे, फण्यांची संख्या मर्यादित ठेवायची, घडाला पिशवी घालायची, म्हणजे माल एकसारखा आणि डागरहित निघतो. शेताच्या कडेला वारा अडवणारी झाडे, कारण उन्हाळ्यातल्या एका वादळाने वर्षाचे पीक झोपते. बागायतदार मोकळा माणूस. म्हणाला, "साहेब, बाग दिसते सुंदर, पण कूपनलिका दरवर्षी खोल जाते आहे. तापी उशाशी असून आम्ही जमिनीचं पोट रिकामं करत चाललो." त्याच्या आईने आम्हाला कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले. जेवण आटोपून निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते.

गाडीत घरच्या गप्प. पारोळ्याचा किल्ला मागे पडल्यावर मला उमगले. केळीसाठी मी तीन तास थांबलो, आणि त्यांच्या नदीसाठी पाच मिनिटे थांबलो नाही. तसे मी बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "मले सवय हाय." या तीन शब्दांनी मला धुळ्यापर्यंत पुरेसे काम दिले.

धुळ्याला पांझरा ओलांडली. या नदीवर आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीला लहान बंधारा घालायचा, पाट काढायचा, आणि खालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि फडांची पिके दरवर्षी फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. त्यांचा मोबदला गावाने द्यायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी फड कमी भिजायचे, पण प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असल्याने नुकसान एकट्याचे होत नसे. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट नदीवरून जाताना घरच्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हंजे पाणी कमी पडलं तं साऱ्याइले कमी पडायचं." माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाचा सार तेवढाच होता.

रात्री धुळ्याच्या पुढे एका शेतकऱ्याच्या खळ्यात मुक्काम केला. त्याने नाव-गाव विचारले, संत्री घेतली आणि कुत्रे बांधून ठेवले.

तिसरा दिवस : घाट आणि ओझर

मालेगावचे यंत्रमाग धडधडत होते. उमराण्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कांदा. मग राहुडचा घाट लागला. अर्ध्या चढणीवर गाडी तापली, वाफ निघू लागली. बाजूला घेतली, चाकाखाली दगड लावला, आणि मी फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला निघालो. घरच्या ओरडल्या, "अवो, शिटी व्हायच्या आधी कुकर उघडता काय?" हात तेथेच थांबला. अर्धा तास आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो, इंजिन निवाल्यावर पाणी घातले आणि पुढे निघालो. बी.एस्सी. मी आहे, पण त्या दिवशी माझा चेहरा कोणी वाचवला ते येथे नोंदवून ठेवतो.

चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आणि डोंगराच्या कुशीतली रेणुका, दोन्हींना वाटेवरूनच नमस्कार. पिंपळगाव बसवंतपासून द्राक्षबागा सुरू झाल्या. तारांच्या मांडवाखाली हिरवे-पिवळे घड, बायांच्या टोळ्या खुडणीला लागलेल्या. दुपारी तीनला ओझरला पोचलो.

मोठी ताई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने व्हॅनकडे पाहिले, मग बहिणीकडे. उठताना गुडघ्याला हात लावला. "सांगून तरी याचं व माय!" एवढेच म्हणाली आणि तिची नजर मागे घराकडे गेली. त्या नजरेत मला राग दिसला नाही, काळजी दिसली. आता कोठे निजवायचे, कशावर निजवायचे. जावयांच्या आजारपणात पैसा गेलेला. एका खोलीत मुलगा, सून आणि लेकरे. दुसरीत चूल, धान्याची कोठी आणि ताईची खाट.

घरच्यांनी काही न बोलता व्हॅनचे मागचे दार उघडून दाखवले. गादी, पडदे, पेटी. "हे पाय ताई, आमचं घर आमी संगं आणलं. तुझ्या घरात फक्त जेवाले येऊ." ताई जवळ आली, गादी चाचपून पाहिली, आणि तिला रडू फुटले. म्हणाली, "कायले बलावू म्हटलं तुले? आली असती तं झोपवलं असतं कुठं? जवाईबुवा पयल्यांदा येतीन आन् भुईवर निजतीन..."

तीन वर्षांच्या अबोल्याचे कारण एवढे होते. आम्ही रागाचे समजत होतो, ते लाजेचे निघाले. मी जावयांच्या फोटोसमोर उभा राहिलो, मातीला आलो नाही याची माफी मागितली. ताई म्हणाली, "कापूस होता ना तवा. ठाऊक हाय मले." शेतकऱ्याची लेक, तिने मला दोष दिला नाही. तो दिला असता तर मला हलके वाटले असते.

ओझरचे चार दिवस

व्हॅन अंगणातल्या लिंबाखाली लागली. पहिल्याच रात्री दोघी बहिणी गादीवर निजल्या, आणि मला शेजारच्या द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये खाट मिळाली. चारही रात्री तसेच. मध्यरात्री जाग आली की पडद्याआडून बोलण्याचा आवाज यायचा. चाळीस वर्षांचे बोलणे शिल्लक होते.

दिवसा मी भाच्याबरोबर फिरलो. ओझर हे नाव आमच्या खात्यात वेगळ्या कारणाने घेतले जाते. येथील जमीन वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला; वरच्यांचे भिजून उरले तर पाणी यायचे. १९९१ च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केले आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे, आपसात वाटायचे, पट्टी आपणच गोळा करायची. नाल्यांवर बंधारे घालून विहिरी जिवंत ठेवायच्या. पुढे साऱ्या प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि धरणाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. २००५ साली राज्याने सिंचनाच्या शेतकरी व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या आधीचा हा अनुभव. पाणी मोजून मिळू लागल्यावर माणूस उसाऐवजी द्राक्षाचा, भाजीपाल्याचा हिशेब करतो, ठिबक बसवतो. धुळ्याचा फड आणि ओझरची संस्था, दोन्हींची जात एकच : पाणी आधी मोजा, मग वाटा.

मी हे उत्साहाने जेवताना सांगितले. ताई म्हणाली, "पाणी गोड हाय इथलं, खोटं नाही बोलत. पण चाळीस वर्सं झाले, चहाले आपल्या गावची चव नाही आली." गोड पाण्याच्या गावात बसून माहेरच्या खाऱ्या पाण्याची आठवण काढणारी ही बाई पाहून सूनसुद्धा हसली.

चौथ्या दिवशी निघण्याची तयारी केली. घरच्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गाडीत तिघं मावतीन काय?" मी म्हटले, मावतील. भाच्याला विचारले. तो म्हणाला, आईला कुठे पाठवायचे म्हटले की ती रेल्वेच्या गर्दीला आणि जिन्यांना भिते. तुम्ही दारातून नेऊन सोडत असाल तर न्या.

परतीची वाट

परत येताना फळीवर दोघी बहिणी, आणि माझा मुक्काम कोठे खळ्यात, कोठे धर्मशाळेत. मुक्ताईनगरला मी न विचारता गाडी वळवली आणि चांगदेवला गेलो. जुने दगडी मंदिर, आणि खाली पूर्णा-तापीचा संगम. दोघी हळूहळू पाण्यापर्यंत उतरल्या. मी सांगितले, नाशिकची गोदावरी पूर्वेला वाहत जाते, आणि आपली पूर्णा पश्चिमेला. ताई पाण्यात हात घालून म्हणाली, "मंग हेबी माह्यावानीच. माहेरून निघाली तं मागं फिरलीच नाही." धाकटी म्हणाली, "तू तं फिरली ना आता." आम्ही तेथे दोन तास बसलो. यावेळी मी घड्याळ पाहिले नाही.

शेगावला ताईच्या नावाने दर्शन झाले. मूर्तिजापूरहून दर्यापूरचा रस्ता धरला. माहेरच्या घराची मागची भिंत पडलेली, पुढे चुलत भाऊ राहतात. त्यांनी पाणी आणले. आता गावात नळाने गोडे पाणी येते. पण ताईने मुद्दाम विहिरीचे मागितले, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "अगं बाई, किती खारं!" साऱ्या घरात हशा पिकला. तोंडावर पदर घेऊन ती स्वतःही हसत होती आणि डोळे पुसत होती.

घरी पोचलो तेव्हा गाय ठीक होती. हरभऱ्यावर घाटेअळी थोडी चढली होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती. दोन दिवसांत आटोक्यात आली. म्हणजे आठ-दहा दिवस घर सोडल्याने आमचे नुकसान काय झाले, तर थोडेसे घाटे. तीन वर्षे न गेल्याने काय झाले, त्याचा हिशेब मला मांडता येत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, प्रत्येकाकडे व्हॅन असेल असे नाही. पण शेजारी असतो, आणि "दूध तुमचे, वैरण आमची" हा करार कोणालाही करता येतो. ज्याचे बोलावणे बंद झाले आहे, त्याच्याकडे एकदा आपण होऊन जा. जाताना दोघे जा, आणि आपल्या निजण्याची सोय आपण घेऊन जा.

ताई अजून आमच्याकडेच आहे. व्हॅन अंगणात उभी आहे, तिच्या टपावर सांडगे वाळत घातले आहेत. पाडव्यानंतर तिला परत सोडायला निघायचे आहे. या खेपेला वाटेत कोठे किती थांबायचे, ते दोघी बहिणी ठरवणार आहेत.